पी.पी. नंबरवरचे दिघेकाका

"विचार करून कळवतो," म्हणत पलीकडून फोन ठेवला गेला. मी रिसीव्हर हातात धरून बघतच राहिले. पीथमपूरहून इंदूरची लाइन लागायला अख्खी सकाळ गेली होती. आणि विचार कोण करणार? उमेदवार नाही, त्याचा शेजारी!

मी तेव्हा पीथमपूरच्या एका नव्या फॅक्टरीत पर्सोनेल ऑफिसर होते. म्हणजे माणसं निवडायची, बोलवायची, रुजू करून घ्यायची. इकडे इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या, तिकडे पीथमपुरात नव्या शेड उभ्या राहत होत्या. अर्जांचा नुसता ढीग. फोनच्या रकान्यात नंबर आणि पुढे 'पी.पी.' लिहिलेलं असायचं. म्हणजे फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे, मेहरबानी करून बोलवून द्या.

आम्हाला बॉयलर अटेंडंट हवा होता. सर्टिफिकेटवाला माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, असा कायदाच आहे. सुरेश कदम बंद मिलमधला बॉयलरवाला. सर्टिफिकेट होतं, इंटरव्ह्यूत आमच्या मॅनेजरसाहेबांना पसंतही पडला होता. फक्त 'उद्या सकाळी या' एवढं कळवायचं होतं. पत्र पोचायला वेळ नव्हता. नंबर होता इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या, त्यांच्या शेजारच्या दिघेकाकांचा.

"कदमांना जरा बोलवता का?" मी विचारलं होतं.

"काम काय आहे? मला सांगा ना."

"नोकरीचं आहे. त्यांना उद्या जॉइन व्हायचंय."

"अस्सं! पगार काय देताय?"

"काका, ते मी त्यांनाच सांगते ना."

"बाई, जवळ कोणी मोठे साहेब असतील तर त्यांना द्या बरं फोन."

असं डोकं फिरलं माझं! तरी आवाज गोड ठेवून विनवण्या केल्या. तर महाशय म्हणे, "देखो बाई, एकदम हो कसं म्हणणार? मुलासाठी अजून दोन जागी बात चालू आहे. विचार करून कळवतो."

दोन जागी कसली बात! एका जागीसुद्धा नव्हती. मागाहून कळलं, काका आपल्या समाजातली लग्नं जुळवायचे. मुलाकडच्यांनी घाई दाखवली की वजन जातं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. तोच त्यांनी नोकरीला लावला. मी पुन्हा नंबर फिरवला, तर एंगेज.

इतक्यात मॅनेजरसाहेब आले. "कदम का क्या हुआ?"

"सर, शेजारी निरोपच घेत नाहीयेत. संध्याकाळी घरी जाताना मी स्वतः सांगून येते."

"शाम तक? मॅडम, दो नंबरवाल्याला लावा फोन."

"पण सर, कदमांना बिचाऱ्यांना काही माहीतच नाही!"

"तो अपन क्या करें? कल बॉयलर चालू करना है."

निवडयादीतल्या दोन नंबरवाल्याच्या घरी स्वतःचा फोन होता. त्यानंच उचलला, हो म्हणाला, संपलं.

मी राहायला इंदुरातच, पण अन्नपूर्णाला. तरी त्या संध्याकाळी वाट वाकडी करून कदमांच्या खोलीवर गेले. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं, असं वाटलं. मला दारात बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. बायको आत चहाला लागली. मग सांगितलं एकदाचं.

ते म्हणाले, "काका दुपारी खुशीत आले होते. म्हणाले, पार्टी गरजू आहे, परत फोन करेल. म्हणून मग मी घराबाहेर पडलोच नाही."

"चला," मी चप्पल घातली. "त्यांना विचारतेच आता."

कदम दारात आडवे आले. "नको मॅडम. काकांना एक शब्द बोलू नका."

"अहो, तुमची नोकरी घालवली त्यांनी!"

"घालवली. पण बाकीच्या सगळ्या अर्जांवर त्यांचाच नंबर आहे."

मी परत बसले. चहा घेतला.

त्यानंतर पी.पी. नंबरवर मी नोकरीचं नावसुद्धा काढलं नाही. 'मावशी सीरियस आहे, लवकर बोलवा,' म्हणायचं. माणूस धावत फोनवर यायचा, आणि पगार काय, असं कोणी विचारायचं नाही.