शह बसलेला राजा

माझ्या वडिलांनी मला शाळेत घातले ते हौसेने नव्हे, दंड नको म्हणून. महाराजांनी बडोद्यात शिक्षण सक्तीचे केले होते आणि मुलगी घरी ठेवली की शाळेचा शिपाई दाराशी येऊन उभा राही. अशी मी चौथीपर्यंत शिकले. सासरी आले तेव्हा त्या शिक्षणाचे कुणाला काही पडले नव्हते. सासूबाईंचे मत असे, की सून वाचत बसली की दूध उतू जाते. एकदोनदा गेलेही होते, नाही असे नाही.

सासरचे घर शिलेदारांचे. मामंजी म्हणजे माझे सासरे बरीच वर्षे रिसाल्यात होते. मी त्या घरात यायच्या आधीच ते घोड्यावरून पडले, डावा पाय अधू झाला आणि नोकरी सुटली. त्यांचा घोडा छाणीकडच्या कुणा पटेलाने नेला. त्यानंतर त्यांना एकच नाद उरला, बुद्धिबळाचा. रोज दुपारी बैठकीत कापडी पट पसरायचा, तांबडी आणि हिरवी मोहरी मांडायची आणि आळीतल्या कुणालाही हाक मारायची. आमच्या आळीत त्यांना हरवणारा कुणी नव्हता. हे मला लग्नानंतर आठ दिवसांत चार वेळा ऐकवण्यात आले.

मग समोरच्या खडकीत, म्हणजे एकाच दिंडीदरवाजाआतल्या घरांच्या ओळीत, एक गुजराती मास्तर राहायला आले. हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. माणूस गोड, पण खेळायचा विलायती पद्धतीने. आमच्या देशी खेळात प्यादे एकेक घर चालते, त्यामुळे सुरुवातीला सगळी फौज सावकाश जागेवर लावायला सवड असते. विलायतीत प्यादे पहिल्यांदा दोन घरे उडी मारते आणि चौथ्या-पाचव्या चालीला मारामारी सुरू होते. मामंजी आपले शांतपणे फौज लावत बसले आणि मास्तरांनी त्यांना लागोपाठ तीन रविवार मात दिली, तीही आळीतल्या चार माणसांदेखत.

तिसऱ्या रविवारी मामंजी म्हणाले, "मास्तर, पंधरा दिवसांनी पुन्हा बसू. त्या दिवशी हरलो तर हा पट तुमच्या घरी. मी परत खेळणार नाही."

मास्तर गडबडले. "अरे काका, असं काय बोलता? ही तर रमत आहे, नुसता खेळ!"

पण मामंजींनी बोललेला शब्द फिरवल्याचे कुणाला आठवत नव्हते. सासूबाई आत येऊन पोळपाटाशी बसल्या आणि लाटणे हातात घेऊन तशाच राहिल्या. "घोडा गेला तेव्हा सहा महिने कुणाशी बोलले नव्हते," त्या मला म्हणाल्या. "आता पट गेला तर मी काय करू?" त्यांच्या तोंडून मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली.

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, दुसऱ्या दिवशी वाचनालयातून विलायती बुद्धिबळाचे एक मराठी पुस्तक आणले आणि ते स्वतः कचेरीच्या कामाने अमरेलीला फिरतीवर निघून गेले. पुस्तक घरात आणि वाचणारा अमरेलीत. मामंजींना मोडी सरसर यायची, पण छापील बाळबोध बारीक अक्षर चष्मा लावूनही त्यांच्याच्याने वाचवेना. दोन दिवस ते पुस्तक उशाशी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पुस्तक उचलून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "दूध मी बघते."

आमच्याकडे गोषा. सुनेने सासऱ्यापुढे बैठकीत बसायचे नाही. म्हणून मी माजघराच्या दाराआड उभी राहून वाचायचे आणि मामंजींनी खिडकीपाशी बसून मोहरी हलवायची, असे ठरले. त्यांचे तोंड माझ्याकडे, पट मध्ये. तांबड्यांना पांढरे समजायचे, म्हणजे पहिली चाल त्यांची.

पुस्तकात इटालियन नावाचा एक जुना डाव दिला होता. 'नवशिक्याने प्रथम हाच शिकावा,' असे खाली लिहिले होते. ती ओळ मी मुद्दाम गाळली. मामंजींना नवशिके म्हणायची माझी छाती नव्हती.

"राजापुढील प्यादे दोन घरे," मी वाचले. त्यांनी सरकवले. हिरव्यांचेही तसेच. "राजाकडील घोडा उंटाच्या तिसऱ्या घरी."

"उजवा की डावा?" मामंजींनी विचारले. घोड्यांच्या बाबतीत त्यांना उजवा-डावा लागे, जन्मभराची सवय.

मी पटाकडे पाहिले. राजाकडचा घोडा माझ्या डाव्या हाताला होता. "डावा," मी सांगून टाकले.

त्यांनी आपला डावा घोडा काढला. मी दाराच्या बाजूने पट उलटा पाहत होते, हे ना माझ्या लक्षात आले ना त्यांच्या. पुढे उंट निघाले आणि मग मी वाचले, "वजिराकडील उंटापुढचे प्यादे एक घर पुढे." मामंजींचा हात पटावर थांबला.

"तिथे घोडा उभा आहे. तुझं पुस्तक घोड्याच्या पाठीवर प्यादं बसवतं का?"

मी पुन्हा वाचले, तेच होते. पुन्हा पहिल्यापासून मांडून तसेच खेळून पाहिले, तरी घोडा तिथेच येऊन उभा. दोन दिवस आम्ही त्या घोड्याशी झगडत होतो. शेवटी सासूबाई दूध घेऊन बैठकीत गेल्या आणि दोघांकडे बघून म्हणाल्या, "अहो, तिचा डावा तो तुमचा उजवा. एवढं कळत नाही होय?" त्यांना बुद्धिबळातले ओ की ठो कळत नव्हते.

मामंजी हसले नाहीत. "छापलेलं बरोबर असेल," ते म्हणाले. "वाचणारीचं काय सांगावं."

मला भारी राग आला. उजवा की डावा हे पुस्तकाने विचारले नव्हते, त्यांनी विचारले होते. पण चूक माझ्या तोंडून गेली होती आणि दिवस थोडे राहिले होते. तेव्हापासून मी ठरवले, पुस्तकातले अक्षरही बदलायचे नाही आणि आपल्या पदरचे काही घालायचे नाही. आता डाव पुढे सरकू लागला. कुठल्या प्याद्याला कुणाचा जोर आहे, म्हणजे मागून कोण राखते आहे, हे मामंजींना माझ्यापेक्षा आधी दिसे. पटाच्या मधल्या चार घरांसाठी ही सगळी घाई आहे, हे उमजल्यावर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे आधी पाणवठा धरायचा. हे आधी का नाही सांगितलं?" जसे काही मीच तो डाव रचला होता.

अडले ते पुढे. त्या डावात सहाव्या चालीला हिरवा उंट झेप घेऊन तांबड्या राजाला शह देतो. तांबडा आपला उंट आडवा घालतो. हिरवा तो उंट मारून पुन्हा शह देतो आणि मग तांबडा घोडा त्याला मारतो. राजा जागचा हलत नाही, पण शह दोनदा बसतो. त्यानंतर पुस्तक सांगत होते की राजाने किल्लेकोट करावा. म्हणजे राजाने हत्तीकडे दोन घरे सरकायचे आणि हत्तीने त्याच्यावरून पलीकडे येऊन पहारा करायचा.

"होणार नाही," मामंजी म्हणाले. "शह बसला की राजाची उडी गेली."

आमच्या देशी खेळात राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते, आणि एकदा का शह बसला की तो हक्क संपतो. मामंजी त्याला राजाचा मान म्हणत. किल्लेकोट म्हणजे विलायती उडीच, तेव्हा शह बसलेल्या राजाने ती घेणे त्यांना सरळ सरळ खोटेपणा वाटला.

मी नियमांचे पान काढून वाचले. "राजास पूर्वी शह मिळाला असला, तरी तो जागचा हलला नसल्यास किल्लेकोट करण्यास प्रत्यवाय नाही."

"प्रत्यवाय म्हणजे?"

मला ठाऊक नव्हते. चौथीच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. अंदाजाने 'हरकत' म्हणावेसे वाटत होते, पण डाव्या घोड्याची आठवण ताजी होती आणि पदरचे काही घालायचे नाही असे मी ठरवून बसले होते. मी तीच ओळ पुन्हा वाचली.

"शेवटी 'नाही' म्हणतं ना?" मामंजी म्हणाले. "मग नाही."

"पण डावात पुढे करा म्हणतंय," मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले.

"छापणाऱ्याची चूक. नाहीतर तुझी." आणि त्यांनी पट गुंडाळला.

ज्यांना विचारावे ते अमरेलीला. मास्तरांना विचारणे म्हणजे शत्रूला वाट विचारणे, असे मामंजींचे म्हणणे. उरलेले चारही दिवस ते त्याच ठिकाणी अडत, राजा मधोमध उघडा ठेवून पुढे खेळत आणि मग स्वतःच हिरव्यांच्या बाजूने त्याला कोंडीत पकडून उठून जात. हक्क आहे असे मला आतून वाटत होते आणि एका शब्दासाठी मला तो सांगता येत नव्हता. त्या चार दिवसांत मी माझ्या शाळेवर जेवढी चिडले, तेवढी कधीच चिडले नाही.

रविवारी मास्तर आले, आळीतले चौघे आले. मास्तर माझ्याकडे पाठ करून बसले, समोर मामंजी. मी दाराआड पुस्तक धरून उभी होते. पुस्तकाची गरज नव्हती, डाव मला पाठ होता. पण हातांना काहीतरी हवे होते. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

प्यादी निघाली, घोडे निघाले, उंट निघाले. मास्तर एकदा मान वर करून म्हणाले, "वाह काका, हे कुठून शिकलात?" सहाव्या चालीला मास्तरांचा उंट आला आणि त्यांनी शह म्हटले. उंट आडवा गेला, मारला गेला, दुसरा शह बसला आणि मामंजींच्या घोड्याने बदला घेतला. सगळे पुस्तकातल्यासारखे. पुढे मधली प्यादी एकमेकांना भिडली, मधली वाट मोकळी झाली आणि तिच्या तोंडाशी तांबडा राजा उघडा उभा राहिला.

मामंजी थांबले. हात उचलला, परत मांडीवर ठेवला. चौघांपैकी एकाने जांभई दिली. मला वाटले, आता ते रोजच्यासारखे दुसरेच काहीतरी हलवतील आणि संध्याकाळी पट समोरच्या खडकीत जाईल. सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

मग मामंजींनी मास्तरांच्या खांद्यावरून थेट दाराकडे पाहिले. "सूनबाई, ती नियमाची ओळ वाच."

बैठकीत सगळे वळून दाराकडे बघू लागले. परक्या पुरुषांसमोर त्या घरातल्या सुनेचा आवाज कधी गेला नव्हता. मी पदर पुढे ओढला आणि वाचले. एकही अक्षर चुकले नाही. "प्रत्यवाय नाही," असे म्हणून मी थांबले.

"मास्तर, तुम्ही संस्कृत शिकवता," मामंजी म्हणाले. "प्रत्यवाय म्हणजे काय?"

मास्तरांना प्रश्नातली मेख लगेच कळली असणार. राजा मध्येच राहिला तर फायदा त्यांचाच होता. तरी त्यांनी क्षणही लावला नाही. "प्रत्यवाय एटले अडचण, काका. अडचण नाही. खुशाल करा. आणि बेननं वाचलं ते बराबर आहे."

मामंजींनी दोन्ही हातांनी किल्लेकोट केला, एका हाताने राजा, दुसऱ्याने हत्ती. कुणी मोहरी हिसकावून घेईल अशा भीतीने त्यांनी ती घट्ट धरली होती. चौघांपैकी कुणीतरी हसले, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

डाव दिवेलागणीपर्यंत चालला. मास्तरांचे एक प्यादे जास्त होते, पण ते पुढे जाईना आणि मामंजींचा राजा कोपऱ्यातून हलेना. शेवटी मास्तरांनी हात पुढे केला आणि बरोबरी ठरली. मामंजी जिंकले नाहीत, पण हरलेही नाहीत, आणि शब्द हरण्याबद्दलचा होता. पट घरात राहिला. सासूबाई माझा दंड सोडून चहा ठेवायला गेल्या आणि चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसत राहिल्या. त्या दिवशी दूध उतू गेले ते त्यांच्या हातून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीप्रमाणे पुस्तक घेऊन दाराआड उभी राहिले. पट मांडलेला होता. मामंजींचे राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे गेलेले होते. मास्तर आले नव्हते, कुणीच आले नव्हते. मास्तर बसत त्या जागी एक पाट मांडला होता.

"पुस्तक ठेव," मामंजी म्हणाले. "दारातून इतके दिवस हिरव्यांच्या बाजूने बघत आलीस. ये, बस. हिरवी तुझी."