‘धनवंती’चा जबाब

त्या दिवशी माझ्या सत्कारात दामूकाका टाळ्या का वाजवत होते?

मला अजून कळलेलं नाही. विचारायला आता ते नाहीत. आज त्यांचं बारावं.

दामूकाका म्हणजे आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत वायरलेस सेटवर बसणारे. वाऱ्याचा इशारा आला की समुद्रातल्या एकेका बोटीला नावाने हाक मारायचे. कोणी नुसतं "ओके" म्हटलं की चिडायचे.

"ओके नको. काय ऐकलंस ते बोल."

मग तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, अख्खा इशारा परत म्हणून दाखवायचा. वैतागून, कधी शिव्या घालून. तेव्हाच काका वहीत त्या बोटीपुढे रेघ मारायचे. सगळ्या बोटी व्हायला तासभर जायचा.

मी टेलिकम्युनिकेशन शिकले. घरातली पहिली ग्रॅज्युएट. तो तासभर मला अडाणीपणा वाटायचा.

शेवटच्या वर्षाला मी सोसायटीसाठी ॲप केलं. एक बटण दाबलं की इशारा सगळ्या तांडेलांच्या मोबाईलवर. पोचला की बोटीचं नाव हिरवं, नाही पोचला तर लाल. सेटवरून हाक फक्त लाल बोटींना.

काकांना मी समजावलं. हवेतून जाताना संदेशाचे तुकडे हरवतात. म्हणून सोबत थोडी जास्तीची माहिती पाठवतात, त्यातून हरवलेलं भरून काढता येतं. तेवढ्यानेही नाही जमलं तर तो तुकडा पुन्हा मागवला जातो. पूर्ण मिळाला की फोन तसं कळवतो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे फोन बोलतो, मिळाला. तांडेल काय बोलतो?"

"काका, फोन तांडेलाच्याच खिशात असतो ना."

"असंल बाय. तू शिकलेली हायस."

मग एका सकाळी इशारा आला, दुपारनंतर वारा वाढणार. मी सोसायटीतच होते. बटण दाबलं. तीन बोटी लाल, बाकी हिरव्या. तिघींना सेटवरून कळवलं. दहा मिनिटांत काम संपलं. बाबांना दाखवायला मी स्क्रीनचा फोटोही काढला.

काका दारात आले. "धनवंतीचा जबाब काय?"

"हिरवी आहे, काका."

"ती काल खोल गेली. तिथं मोबाईल लागतो?"

मी तिथेच थांबायला हवं होतं. तेवढ्या लांब किनाऱ्यावरच्या कुठल्याही टॉवरची रेंज जात नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत.

मी म्हणाले, "लागला असेल."

ते सरळ सेटवर बसले. धनवंती, धनवंती. बराच वेळ नुसती खरखर. शेवटी वाटेत असलेल्या दातिवरे गावच्या एका बोटीने हाक ऐकली आणि पुढे दिली. तिच्यामार्फतच उलट निरोप आला.

"धनवंतीवाले इचारतात, कसला वारा? आमाला कोनी सांगितला नाय."

तांडेलाचा फोन घरी होता. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मचा ओटीपी यायचा म्हणून ठेवून गेला होता. माझा इशारा त्यांच्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला लावलेल्या फोनवर अगदी व्यवस्थित पोचला होता.

फोन बोटीवर असता तर नाव लाल दिसलं असतं. हिरवं दिसलं हीच चूक होती, आणि मी त्याचा फोटो काढला होता.

धनवंती जाळं अर्ध्यात कापून निघाली. बंदरात शिरली तेव्हा वारा सुटला होता. सात माणसं होती तिच्यावर.

त्यांना वाटलं, आपली बोट लाल होती म्हणून हाक आली. ॲपने काम केलं.

पुढच्या आठवड्यात माझा सत्कार. शाल, नारळ. अध्यक्ष म्हणाले, एकही बोट मागे राहिली नाही, ती आपल्या पोरीमुळे. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट.

मी माईक हातात घेतला आणि सगळ्यांचे आभार मानले.

शेवटच्या बाकावर दामूकाका टाळ्या वाजवत होते.

बाहेर त्यांना गाठलं. "काका, मी सांगणार आहे सगळ्यांना."

"सांग. तवर हिरव्या बोटी माझ्याकडं दे."

तेव्हापासून प्रत्येक इशाऱ्याला ते यायचे. खोकत खोकत हिरव्या बोटींना हाका मारायचे, जबाब घ्यायचे.

लोक हसायचे. "काका, आता पोरीचं ॲप हाय. बसा की घरी."

"घरी सून बसू देत नाय," ते म्हणायचे.

माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी भेटले की फक्त एवढंच विचारायचे, "बोललीस?"

"या आठवड्यात, काका."

दीड वर्ष तो आठवडा मी पुढे ढकलला.

ते गेल्यावरचा पहिला इशारा परवा आला. मी बोईसरला कामावर होते. क्लार्कने बटण दाबलं, लाल बोटींना हाक मारली आणि खोलीला कुलूप लावलं. हिरव्या बोटींना कोणीच हाक मारली नाही.

सगळ्या परत आल्या. पण हिरव्यांना हाकच गेली नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं.

आज सकाळी मी सोसायटीच्या कमिटीला सगळं सांगितलं. बाबा तिथेच होते. ॲपमधला हिरवा रंग मी काल रात्रीच काढून टाकला. आता माणसाचा जबाब आल्याशिवाय कुठल्याच बोटीला इशारा मिळाला असं दिसत नाही.

मग मी सेटवर बसले. बाहेर असलेल्या प्रत्येक बोटीला नावाने हाक मारली आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं.

"ओके, ऐकलं," पहिला तांडेल म्हणाला.

"ओके नको. काय ऐकलंत ते बोला."

एकेकाने माझी चूक मला परत म्हणून दाखवली. तासभर लागला.

शेवटी धनवंती.

"आमी हिरवे होतो. इशारा आमाला मिळाला नव्हता. दामूकाकांनी बोलावला म्हणून आलो." आणि मग, "बराबर ना, बाय?"

"बरोबर."

काकांच्या वहीत धनवंतीपुढे मी रेघ मारली.

बोलले, काका.