उलट्या आट्यांचा डबा

दिनांक १४ मार्च रोजी दुपारी, जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या टेकडीवर, ‘शोधसम्राट’ असे टोपणनाव लावणाऱ्या इसमाने दुसऱ्याने लपवलेला डबा न सापडल्यामुळे स्वतःच्या खिशातली प्लास्टिकची डबी तेथील बाकाखाली तारेने बांधली, तिच्यातल्या कागदावर स्वतःच पहिली सही केली, आणि संकेतस्थळावर ‘सापडला’ अशी नोंद केली. यात कोणाचे काय बिघडले, असे त्याने पुढे फोनवर विचारले. काय बिघडले ते येथे नोंदवून ठेवत आहे.

बिघडले ते निरीक्षकांच्या थोरल्या भावाचे. निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी दुकानदारांच्या काट्यांखाली चिकटवलेली लोहचुंबके उपटण्यात आणि तळ ठोकून वर आणलेली मापे जप्त करण्यात घालवली. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली असली तरी नजर निवृत्त झालेली नाही. भाजीवाला त्यांना लांबून पाहूनच काटा पुसायला घेतो. घरात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. बायको एरवी ‘अहो’ म्हणते आणि चिडली की ‘निरीक्षकसाहेब’.

दादा अगदी वेगळे. ते वेल्डर. वर्कशॉप बंद केल्यावर त्यांनी एका लाँड्रीची जुनी व्हॅन घेतली आणि वर्षभर खपून तिचे फिरते घर केले. घडीचा पलंग, त्याखाली पाण्याची टाकी, ओट्यावर शेगडी, आणि प्रत्येक कपाटाला अशी खिट्टी की खड्ड्यातून गाडी गेली तरी चमचा वाजू नये. या गाडीतून ते आणि वहिनी डबे शोधत हिंडू लागले. या छंदाला जिओकॅशिंग म्हणतात. कोणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. इतरांनी फोनवर ते पाहत तिथवर जायचे, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि तो होता तसा परत ठेवायचा. एवढेच. बक्षीस नाही, पदक नाही. वहिनी म्हणत, लोकांचे नवरे माणसांना भेटायला गावोगाव जातात, आमचे हे डब्यांना भेटायला जातात.

दादांनी स्वतः आयुष्यात एकच डबा लपवला. टेकडीवरच्या टाकीला जो जिना आहे, त्याच्या कठड्याचा वरून तिसरा खांब पोकळ आहे. त्याच्या तोंडाला दादांनी लोखंडी बूच बसवले आणि बुचाला उलटे आटे पाडले. ज्वलनशील गॅसच्या सिलिंडरला असे आटे असतात. रोज हाताळणाऱ्याला त्याचे नवल नसते. इतर कोणी बूच नेहमीसारखे डावीकडे फिरवले की ते सैल व्हायच्या ऐवजी आवळत जाते आणि माणूस म्हणतो, हा खांबच भरीव आहे. बुचाला साखळी, साखळीला नळीएवढा डबा. संकेतस्थळावर सूचना एकच: सगळे करतात त्याच्या उलट करा.

गेल्या हिवाळ्यात दादांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. वाचा परत आली, हात आला नाही. डॉक्टरांनी जाता जाता सांगितले की स्मरणशक्तीवरही थोडाफार परिणाम असू शकतो, लक्ष ठेवा. ते ‘लक्ष ठेवा’ घरच्यांसाठी होते. दादांनी ते स्वतःवर घेतले. तरी सकाळ मजेत जात असे. डाव्या हातात फोन धरून ते आपल्या डब्यावरच्या नोंदी वाचत. कोणाला सापडला यापेक्षा कोणाला सापडला नाही, यात त्यांना जास्त रस. ‘तीन तास शोधला, मालकाला शोधून काढायची इच्छा आहे’ असे एकाने लिहिले होते, ते त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना वाचून दाखवले.

मग शोधसम्राटाची नोंद आली. मूळ डबा गायब झाला आहे, कठड्याचे सगळे खांब तपासले, सगळे भरीव आहेत, नवीन डबी ठेवली आहे, मालकाने आभार मानायला हरकत नाही.

दादा आधी हसले. ‘भरीव म्हणतोय! मग मी काय हवेत ठेवला?’ पण त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला, चौथा गेला. बाकाखालची डबी नीट वाकायच्या आत दिसते. प्रत्येकाने सही ठोकली आणि लिहिले: सापडला, सोपा होता, धन्यवाद. एकानेही म्हटले नाही की सूचना आणि डबी यांचा मेळ बसत नाही. सापडल्याचा आकडा एकाने वाढला की यांची दृष्टी जाते.

दादांचे हसणे कमी होत गेले. त्यांनी वहिनींना विचारले, कठडा जिन्याला होता की टाकीभोवती? वहिनींना सांगता येईना. डबा बसवला त्या दिवशी गुडघ्यामुळे त्या वर चढल्याच नव्हत्या, खाली गाडीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. म्हणजे घरचा साक्षीदार कोणी नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दादांनी तिन्ही बिनचूक सांगितले, आणि वर स्वतःहून म्हणाले, ‘शब्दांचं सोडा, डॉक्टर. मी माझ्या हाताने केलेली वस्तू कुठे ठेवली तेच मला आठवत नाही. आठवतं ते खोटं निघतंय.’

त्या दिवसापासून माणूस स्वतःच्या डोक्यातून एकेक खोली रिकामी करू लागला. गोळी घेतली की नाही, ते वहिनींना विचारायचे. जुन्या भागीदाराचे नाव तोंडावर असूनही कोणी दुजोरा दिल्याशिवाय उच्चारायचे नाही. एका सकाळी त्यांनी गाडीची किल्ली निरीक्षकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, विकून टाक.

निरीक्षकांनी शोधसम्राटाचा फोन नंबर मिळवला. आवाजावरून गृहस्थ त्यांच्यापेक्षा चांगला दहा वर्षांनी थोर होता, तरी सुरुवातीलाच ‘बोला काका’ म्हणाला. निरीक्षकांनी शांतपणे विचारले की डबा नाही हे कशावरून ठरवले. तो म्हणाला, हजारो डबे शोधलेत काका, मला सापडला नाही म्हणजे नाहीच.

‘बूच उजवीकडे फिरवून पाहिलंत?’

‘उजवीकडे कशाला फिरवू? आणि चिडताय कशाला? तुमच्या भावाचंच काम केलं मी. मागून येणाऱ्यांची खेप फुकट जाऊ नये म्हणून. कोणाचं काय बिघडलं?’

‘किलोचा दगड सापडला नाही म्हणून रस्त्यावरचा धोंडा काट्यात टाकणारे मी पाहिलेत,’ निरीक्षक म्हणाले. ‘तेही गिऱ्हाइकाची खेप फुकट जाऊ नये म्हणूनच टाकायचे.’

समोरच्याने फोन ठेवला. बायको आतून म्हणाली, झालं समाधान? आता तिथे जाऊनच बघा, निरीक्षकसाहेब, इथे भिंतीवर ओरडण्यापेक्षा. दादांजवळ ती थांबली. वहिनी मात्र दादांच्या त्या फिरत्या गाडीत येऊन बसल्या. ‘तुम्ही एकटे गेलात भावजी, तर तिथे पंचनामा करत बसाल,’ म्हणाल्या.

निघताना दादांना विचारले, तेव्हा ते खिडकीकडे बघत बोलले. तिसरा खांब असावा. आटे उलटे पाडले होते असे वाटते. वाटते म्हणजे, आता कसे सांगू.

एका चढावर निरीक्षकांनी जोरात गिअर बदलला आणि मागे काहीसुद्धा वाजले नाही. वहिनी म्हणाल्या, बघा, ज्याच्या हातची खिट्टी अजून हलत नाही, तो म्हणतो माझं डोकं गेलं. पुढे बराच वेळ त्या पदराने काच पुसत राहिल्या. काच स्वच्छच होती.

टेकडीवर पोचले तेव्हा ऊन उतरले होते. बाकाखाली डबी लोंबत होती. आतला कागद दमटून फुगला होता आणि सह्यांना जागा उरली नव्हती. वहिनी गुडघ्याला शिव्या देत, एकेका पायरीवर थांबत जिना चढल्या. ‘खालीच बसा’ म्हणायची निरीक्षकांची छाती झाली नाही. तिसरा खांब. बुचावर गंज आणि रंगाचा पापुद्रा. निरीक्षकांनी रुमाल गुंडाळला, सगळा जोर लावला आणि बूच उजवीकडे फिरवले.

ते फिरले. साखळीबरोबर डबा वर आला. आतला कागद कोरडा ठणठणीत. शेवटची सही फेब्रुवारीतली. कोणा कॉलेजच्या मुलीने खाली लिहिले होते, ‘आजोबा, तुमचा हात कोणी धरू शकणार नाही.’ वहिनी पायरीवर बसल्या. ‘मेला इथेच बसलाय,’ त्या म्हणाल्या, ‘आणि आमच्या घरात सुतक.’

निरीक्षकांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बायकोने फोन दादांसमोर धरला. निरीक्षकांनी खांब दाखवला, बूच दाखवले, डबा दाखवला, फेब्रुवारीतली सही वाचून दाखवली. दादांनी आटे जवळून दाखवायला सांगितले. बराच वेळ बघितले.

‘सुबक पाडलेत आटे,’ ते म्हणाले. ‘कुठल्या वर्कशॉपमधून करून घेतलास?’

निरीक्षकांना क्षणभर कळले नाही. मग त्यांनी बूच कॅमेऱ्याच्या आणखी जवळ नेले. ‘दादा, तुझाच आहे हा. तूच केलास.’

‘हो रे. माझाच.’ लहान मुलाची समजूत काढावी तसा आवाज होता. ‘त्यानेही ठेवला, तूही ठेवलास. चांगल्या मनानेच ठेवलात दोघांनी. आता तिला घेऊन सावकाश ये, तिचा गुडघा दुखत असेल.’

वहिनींनी फोन ओढून घेतला आणि सांगितले की मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, भावजी उभे आहेत तिथेच होता. दादा म्हणाले, तू कशाला खोटं बोलतेस, तुला जमत नाही.

डबी निरीक्षकांनी कापून आणली. संकेतस्थळाच्या व्यवस्थापकांना त्यांनी फोटोंसह तक्रार लिहिली. उत्तर आले की बहुसंख्य शोधकांना नवी डबी विनासायास मिळत होती आणि त्यांचा आनंद लक्षात घेता नोंदी कायम ठेवण्यात येत आहेत. शोधसम्राटाच्या नावापुढे त्या टेकडीचा आकडा अजून मोजला जातो. दादा सकाळी फोन मागत नाहीत. काही विचारले की आधी वहिनींकडे बघतात.

म्हणून वाचकांना सांगणे आहे. आपल्यापैकी ज्यांनी त्या बाकाखालच्या डबीत सही केली आहे, त्यांनी आपली नोंद आजच्या आज काढून टाकावी आणि त्या जागी खरे लिहावे: सापडला नाही. दादांना ते वाचून दाखवायचे आहे.