ताईनं शब्द सांगितला नाही

आमच्या ताईचं काम ऐकलं की माणसं हसतात. ती शाळाशाळांतून लहान मुलांचं वाचन ऐकत फिरते. मूल अडलं तरी सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, नुसतं ऐकायचं आणि खुणा करायच्या. आणि घरी? घरी ती कुणाला वाक्य पुरं करू देईल तर शपथ!

यंदा तिच्याकडे टॅबलेटचं काम आलं. एका शाळेत दुसरीच्या एका वर्गाला वाचायला टॅबलेट दिले होते, शेजारच्या वर्गाला साधी पुस्तकं. कुणाचं वाचन जास्त सफाईदार झालं, ते ताईनं बघायचं. पुस्तकवाली पोरं अवघड शब्द आला की काहीतरी ठोकून द्यायची आणि पुढे जायची. टॅबलेटवाली भराभर वाचायची, पण अवघड शब्दापाशी एकदम गप्प. त्यात दोन वेण्यांची एक मुलगी सगळ्यांत जास्त अडली. तीन सेकंद गप्प राहिलं की शब्द चुकला, असा नियम. तिचं नाव कच्च्या गटात गेलं, आणि कच्च्या गटानं पुन्हा दुसरीतच बसायचं होतं.

"अगं, पोरगी चांगली चुणचुणीत आहे," ताई जेवताना मला म्हणाली. "नुसती माझ्याकडे डोळे लावून बसते. जिवाला घोर लागलाय माझ्या."

तेवढ्यात भावोजी म्हणाले, "उद्या मला जरा त्या…" आणि ताईकडे बघत थांबले.

"चष्मा आणायला जायचंय," ताई म्हणाली, आणि तिचा घास हातातच राहिला. "अगं बाई! अश्शीच बघतात ती पोरं! अडत नाहीयेत गं, वाट बघतायत!"

भावोजी बिचारे दचकले. "मी काय केलं?"

"काही नाही. जेवा तुम्ही."

सकाळी मी तिला गाडीवरून शाळेत सोडलं आणि राहवेना म्हणून मागच्या बाकावर ठाण मांडलं. ताईनं टॅबलेट उघडला, वाचता वाचता मुद्दाम थांबली. यंत्रानं लगेच गोड आवाजात पुढचा शब्द सांगून टाकला. आगाऊ कुठलं! ताईनं तिच्या कामावरच्या साहेबांना फोन लावला. नियम म्हणजे नियम, असं त्यांना म्हणायचं होतं, पण तिनं म्हणू दिलं तर ना! शेवटी त्या मुलीचं वाचन पुन्हा एकदाच, घड्याळाशिवाय ऐकायचं, यावर मिटलं.

मुलगी नवं पान घेऊन बसली. छान चाललं होतं. 'खडबडीत'पाशी थांबली आणि ताईच्या तोंडाकडे बघू लागली. ताईनं ओठ असे घट्ट मिटले की हनुवटी थरथरायला लागली. माझ्याच्यानं बघवेना, ओरडून सांगून टाकावंसं वाटलं. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. मुलीनं भुवया उंचावल्या. ताई ढिम्म. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला इतका वेळ गप्प बघत होते, आणि मला तिचा केवढा अभिमान वाटला!

मुलीनं सुस्कारा टाकला. शब्दावर बोट ठेवलं. "खड… बडीत." मग उरलेलं पान तिनं फणकाऱ्यानं, कुठेही वर न बघता वाचून काढलं.

ताईनं कच्च्या गटातलं तिचं नाव तिथल्या तिथे खोडलं. मुलगी मात्र तिच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, तुम्हालापण येत नव्हता ना तो शब्द?"

"नव्हता गं," ताई डोळे पुसत म्हणाली. "बरं झालं, तू होतीस."