वहिनींसाठी उंच खुर्ची

चिकलठाण्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. तिथं मी जमिनीवरून आणि पाण्यातूनही चालणारी आठ चाकांची गाडी बनवली, ती माझ्या वहिनींसाठी. दादाची वस्ती कन्नडकडं, ओढ्यापलीकडं. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला शहरात यावं लागायचं, आणि ओढा भरला की वाट बंद. म्हणून सगळा पावसाळा त्या शहरात, गारखेड्यात आमच्या फ्लॅटवर काढायच्या. गॅलरीत बसायच्या आणि म्हशीला कोण बघत असंल, एवढंच विचारायच्या. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. त्यांना पावसाळ्यातही स्वतःच्या घरी राहता यावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्यांदा शेततळ्यात सोडली तेव्हा गाडी एका अंगाला कलली. मी इंजिन खाली घेतलं, बॅटरी तळाशी नेली, दोन्ही बाजूंना पत्र्याचे हवाबंद डबे जोडले. आत शिरलेलं पाणी कललेल्या बाजूला धावायचं आणि गाडी आणखी कलायची, म्हणून तळाला पट्ट्या मारून खण पाडले. मग वाळूची पोती एकाच कडेला रचून पाहिली, तरी उलटेना. मी खुशीत आलो.

आणि तिथंच माती खाल्ली. मी पुढं हँडल धरून बसणार आणि वहिनी मागं तळाला, पत्र्यावर? छे, छे! मी जाड पाइपची उंच खुर्ची वेल्ड केली, हात टेकायला दांडे, डोक्यावर छत. दादा म्हणाला, "लई झ्याक. आता मानानं येईल जाईल." पोती मी तळाला ठेवली होती आणि माणूस बसवणार होतो कमरेइतक्या उंचीवर. उंच वजन गाडीला ओढून पाडतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वहिनी बघायला बांधावर उभ्या होत्या. दादा म्हणाला, "आधी मी बसतो, मग ती." तळ्याच्या मध्यावर मी गाडी वळवली. त्याच वेळी वरून वहिनींना हात करायला दादा बाजूला वाकला. गाडी जी कलली, ती पुन्हा सरळ झालीच नाही. दादाला पोहता येत नाही, आणि आम्ही शहाण्यांनी त्याच्या अंगाला साधी ट्यूबसुद्धा बांधली नव्हती! सदरा हाताला लागला म्हणून तो वाचला. काठावर आणला तेव्हा नाकातोंडातून पाणी येत होतं. वहिनी बांधावर बसल्या, त्या उठेचनात.

मी खुर्ची कापली, बैठक तळाशी घेतली, बाजूचे डबे रुंद केले. पुढच्या पावसाळ्यात वहिनी पुन्हा आमच्याकडं आल्या, तेव्हा मी त्यांना मोबाइलवर नवा व्हिडिओ दाखवला. तळ्याच्या मध्यभागी गाडीत दादा, अंगाला ट्यूब, मुद्दाम इकडून तिकडं झुलतोय आणि हसतोय. गाडी जराशी कलायची आणि लगेच सरळ व्हायची.

"बघा वहिनी. आता पक्की झाली."

त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "पुन्यांदा यांनाच बसवलंस व्हय रे?"

दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं, हे सांगायची लाज वाटली.

"वहिनी, आता घरी राहता येईल तुम्हाला," मी कसंबसं म्हणालो.

"नाय. मी आता इथंच राहते, बारा महिने." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "अन् ती गाडी आजच्या आज कापून टाक. नायतर हे ओढ्यातून मला न्यायला येतील."