नुसत्या पावतीवर कपडे मिळत नाहीत

आमच्या फेरीवाला संघटनेच्या खजिनदार कुठल्या कॉलेजात गेलेल्या नाहीत. अध्यक्षही नाही, आणि अध्यक्ष मी आहे, त्यामुळे कुणी नाक मुरडायचं कारण नाही. खजिनदारांना सगळे वहिनी म्हणतात. कोपऱ्यावर त्यांचं इस्त्रीचं दुकान. एक टेबल, दोन इस्त्र्या, भिंतीशी कपड्यांचे गठ्ठे. दुकान नवं होतं तेव्हा कुणीतरी रस्त्यात पडलेली पावती उचलली आणि दुसऱ्याचा कोरा सूट घेऊन पसार झाला. तेव्हापासून नुसत्या पावतीवर तिथे रुमालसुद्धा मिळत नाही.

"कॉलर कुठल्या शर्टाची उसवलीय? सांगा, आणि न्या."

लोक चिडतात. मी तर जास्तच.

गेल्या वर्षी आमच्या फोन कंपनीतून गिऱ्हाइकांची माहिती चोरीला गेली. नावं, पत्ते, जन्मतारखा, सगळं चोरांच्या हातात. कंपनीने काय केलं? दिलगिरीचा मेसेज पाठवला! माझं डोकंच फिरलं. संघटनेचं बँक खातं वहिनींच्या नंबराला जोडलेलं, आणि त्यात किल्लीवाल्या काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे. काकांना किल्लीचे दाते दिसेनासे झाले होते.

मी कंपनीच्या ऑफिसात टेबलावर हात आपटत होतो, तेव्हा इकडे वहिनींना फोन आला.

"मॅडम, कंपनीच्या सुरक्षा विभागातून बोलतोय. तुमचं सिम बंद पडणार आहे. एक कोड येईल, तेवढा सांगा."

त्याने वहिनींचं पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता मजल्यासकट म्हणून दाखवला.

"बाबा, ही नुसती पावती झाली," वहिनी म्हणाल्या. "ती कुणाच्याही हाती लागते. ठेव फोन."

थोड्या वेळाने मी काउंटरवरच्या बाईंच्या फोनवरून वहिनींना फोन लावला. माझी बॅटरी संपली होती.

"वहिनी, तुमच्या नंबराला कुलूप घालतोय. आलेला कोड सांगा, लवकर!"

"कोण बोलतंय?"

"अहो, मी! अध्यक्ष!"

"अध्यक्ष काय, कुणीही होतं. भावजी असाल तर सांगा, तुमच्या कुठल्या सदऱ्याचा खिसा जळलाय?"

"सगळं ऑफिस ऐकतंय, वहिनी!"

"ऐकू दे."

"निळ्या. आणि तुम्हीच जाळलात!"

"बरोबर. पण कोड फोनवर नाही. मीच येते."

शटर ओढून त्या आल्या. ज्या बाईंवर मी ओरडत होतो, त्यांनीच शांतपणे सगळं करून दिलं. सिमला पिन लावली. गुप्त शब्द सांगितल्याशिवाय दुसरं सिम मिळणार नाही अशी नोंद केली. बँकेच्या कार्डामागच्या नंबरावर फोन करून कळवायला लावलं. प्रत्येक खात्याचा पासवर्ड बदलायला लावला, एकाचा दुसऱ्याला नाही. मी त्यांची माफी मागितली, आणि आभारही मानले. माझं काम भांडायचं, त्यामुळे जीभ जरा अडखळली. वहिनींचे आभार मात्र घडाघडा मानले.

"पुरे," त्या म्हणाल्या. "भाषण संघटनेत करा."

पैसे जागेवर राहिले, ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काका दुकानाच्या दारात उभे राहिले आणि पावती पुढे केली. मी तिथेच होतो.

"शर्ट कुठला?" वहिनींनी नेहमीसारखं दरडावलं.

काकांनी दारातूनच भिंतीकडे पाहिलं.

"तो कडेचा गठ्ठा. सगळ्यात वरचा. बाकीची बटणं पांढरी, मधलं एक पिवळं."

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली, आणि गठ्ठा सोडायच्या निमित्ताने बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.