जुन्या रानाची माती

धायरीत कोंडीरामाचं रान जिथं व्हतं, तिथं आता आठ मजल्यांची सोसायटी हाय. आन् त्याच सोसायटीच्या फाटकावर कोंडीराम वॉचमन हाय. जिथं उभं ऱ्हाऊन कांद्याला पानी सोडायचा, तिथंच आता गाड्यांसाठी दांडा वर-खाली करतो. भावांनी इकलं, एकट्यानं धरून काय करायचं, म्हनून त्यानंबी अंगठा दिला. पर ही गोष्ट त्याची न्हाई बरं का. त्याच्या बायकूची, यमुनाबाईची हाय.

यमुनाबाई अकरा वर्सं हिंजवडीला एका कंपनीच्या बागंत खुरपायला जायची. सकाळी सहाला ठेकेदाराचा टेंपो. सगळ्या काचंच्या इमारती, भवताली मऊ हिरवं लॉन, आन् त्याच्यावर कुनी पाय ठिवायचा न्हाई अशी पाटी. मंग ते लावलंय कशाला, असं ती मनात म्हनायची. पर हात असा बसला व्हता तिचा! लॉनवर नुसता तळवा फिरवून सांगायची, हितं पानी कमी पडतंय, हितं खालून वाळवी हाय. नाव मात्र ठेकेदाराचं व्हायचं. सायेब आला की ठेकेदार छाती काढून पुढं, आन् ही मागं उकिडवी.

एक दिस कोंडीराम घरी आला आन् म्हनला, "यमुने, सोसायटीचं लॉन समदं वाळून गेलंय. सेक्रेटरी नवा मानूस हुडकतोय. तू करतीस का?"

"मी? अवो, मी खुरपनारी बाई."

"ठेकेदाराला तरी काय येतं? खुरपं धरता येत न्हाई त्याला."

ते तिच्या मनात घुसलं. लेक रुपालीनं फोनवर कार्ड बनवलं, 'यमुना लॉन सर्व्हिस', वर गुलाबाचं फूल. यमुनाबाई म्हनली, "अगं, गुलाब कशाला, आपुन गवत लावतो." "आई, गवताचं चित्र कोन बघतंय!" कानातली फुलं मोडली आन् गवत कापायचं मशीन घेतलं. हिंजवडीचं काम सोडलं. ठेकेदार म्हनला, "परत आलात तर जागा न्हाई हां, बाई." ही म्हनली, "येतंय कोन!"

सेक्रेटरी माधवराव शनिवार पेठेतले. जुनं घर सोडून हितं ऱ्हायला आलेले, रिटायर मानूस. कधी आवाज चढवायचे न्हाईत, पर बोलले की मानूस दोन दिस विसरायचा न्हाई. त्यांनी सांगितलं, "पंधरा ऑगस्टला लॉनवर झेंडावंदन असतं. तोपर्यंत सपाट आणि हिरवं दिसलं, तर वर्षभराचं काम आपलं. शेजारच्या सोसायटीलाही मी सांगेन. नाही दिसलं, तर आपण बोलायचं काही उरत नाही."

बस, एवढ्यावरच समदं व्हतं.

आता लॉन कसं लावत्यात? आधी खडे-विटा येचायच्या, मंग चाळलेल्या लाल मातीचा थर, शेनखत, आन् त्याच्यावर नर्सरीतनं आनलेले लॉनचे तुकडे फरशीवानी बसवायचे. लाल माती लांबनं, टेंपोनं मागवायची. यमुनाबाईनं टेंपोवाला ठरवलाबी व्हता.

पर सोसायटीच्या मागच्या भिंतीला मातीचा मोठा ढीग व्हता. पाया खनताना बिल्डरनं रानाची वरची काळी माती काढून तिथं टाकलेली. सहा वर्सं पडून. कोंडीराम ड्युटी संपवून तिथं गेला, एक मूठ उचलली, वास घेतला. मंग पळत आला.

"यमुने, आपली माती हाय ही! घरची माती असताना इकत आनायची का? ह्या मातीत काय आलं न्हाई, सांग!"

यमुनाबाईनं ढिगाकडं बघितलं. ह्या मातीत काय आलं न्हाई ते तिला चांगलं ठाव व्हतं, आन् काय आलं तेबी. सून म्हनून आल्यापास्नं त्या रानातला लव्हाळा, पिकात माजनारं ते चिवट गवत, तिनं उपसला व्हता. वरनं उपटला तर खाली गाठ ऱ्हाती, काळी, इवलीशी, वासाची. एक गाठ ऱ्हायली की दहा पाती उभी. सहा वर्सं ढिगात पडून त्या मरत्यात व्हय?

तिनं सांगायला तोंड उघडलं. पर कोंडीरामानं युनिफॉर्मच्या बाह्या वर सारल्या व्हत्या, हातात फावडं घेतलं व्हतं आन् पाटी भरत व्हता. हसत व्हता. रान गेल्यापास्नं त्या मानसाचं हसू तिनं बघितलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं. टेंपोवाल्याला नगं म्हनून कळवलं.

मे महिन्यात लॉन बसलं. काय दिसत व्हतं! फाटकावरनं येनाऱ्या-जानाऱ्याला कोंडीराम म्हनायचा, "बघा, आमच्या मंडळींचं काम." आन् खालच्या आवाजात, "माती आमची हाय."

जूनच्या शेवटाला यमुनाबाईला पयलं पातं दिसलं. लॉनपेक्षा उंच, चकचकीत, देठ तीन कोपऱ्यांचा. तिनं गाठीपतुर बोट घालून काढलं आन् ओच्यात लपवलं. दुसऱ्या दिशी सात. मंग मोजायचंच सोडलं. उजाडायच्या आत जायची, लोक फिरायला यायच्या आत जेवढा निघंल तेवढा काढायची. कोंडीराम इचारायचा, "एवढ्या बिगी का निघालीस?" "पानी मारायला," म्हनायची. पावसाचं पानी पडतंय आन् ही पानी मारायला निघालीय! त्याच्या ध्यानात आलं न्हाई. का आलं असंल, पर त्यानंबी तोंड मिटलं असंल. मशीन फिरवून समदं एकसारखं करावं, तर दोन दिसांत लव्हाळा पुन्ना वर, लॉन खाली.

ऑगस्टच्या पयल्या आठवड्यात तिला ताप भरला. पाच दिस अंथरून. आन् पाच दिस लव्हाळ्याला मोकळं रान.

पंधरा ऑगस्टला समदे खुर्च्या घिऊन जमले. ईतभर लव्हाळा वाऱ्यावर डुलत व्हता. माधवरावांनी झेंड्याला नमस्कार केला, पेढे वाटून झाले, मंग बोलले.

"यमुनाबाई, आम्ही लॉन सांगितलं होतं. आपण शेती केलीत."

दोन-चार जनं हसले. कोंडीराम झेंड्याच्या दोरीपाशी उभा व्हता. त्याला ऱ्हावलं न्हाई. "सायेब, तिचा दोष न्हाई. माती मी घातली. माती माझी व्हती."

"होती," माधवराव म्हनले, आन् रुमालाला हात पुसून लिफ्टकडं गेले.

घरी आल्यावर कोंडीराम युनिफॉर्म न काढताच बसला. "तुला ठाव व्हतं?"

"व्हतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी हसत व्हता."

तिला वाटलं, आता हा मानूस जवळ बसंल, पाठीवर हात ठिवंल. तसं काय झालं न्हाई. त्यो उठला, म्हनला, "माझी कीव केलीस. लोकांनी केली ती कमी व्हती?" आन् आठ दिस तिच्याशी बोलला न्हाई. त्यापेक्षा आधी भांडन झालं असतं तर बरं, असं तिला वाटत ऱ्हायलं. लाल माती तरी आली असती.

ठेकेदाराकडं जागा नव्हती, त्यानं सांगितलंच व्हतं. मशीन खाटंखाली गेलं. सोसायटीनं लॉन खरवडून काढलं, वर खडीची कच टाकली आन् प्लॅस्टिकचं हिरवं गवत हातरलं. पानी नगं, मशीन नगं, बाई नगं.

दिवाळीनंतर माधवरावांचा निरोप आला. कोंडीरामच घिऊन आला, तिच्याकडं न बघता. "बोलावलंय तुला. खुरपं आन म्हनले."

गेली. प्लॅस्टिकमधनं लव्हाळ्याची टोकं वर आली व्हती, सुई खुपसावी तशी.

"आपलाच आहे ना हा?" माधवराव म्हनले. "मग घेऊन जा. आजचा रोज देऊ."

यमुनाबाई उकिडवी बसली. वर्सभराचं काम हितं मिळनार व्हतं, ते एका दिसावर आलं व्हतं. खुरपं बाजूला ठिवलं. एकेक पातं बोटांनी वरच्या वर खुडलं, व्यवस्थित, समदं हिरवं एकसारखं दिसंस्तवर. खालच्या गाठींना हात लावला न्हाई.

रोज घेतला, पदराला हात पुसले आन् फाटकावर आली. कोंडीरामानं तिच्यासाठी दांडा वर केला. पायी जानाऱ्याला बाजूनं वाट हाय, दांड्याची गरज नव्हती, तरी केला.